दवाखान्यात १६०, घरी १०४ : गोळ्या वाढत गेलेल्या एका बीपीचं प्रकरण

४८ वर्षांच्या एका लेखापाल बाईंची पित्ताशयातल्या खड्यांसाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया ठरली होती. भूल देण्याआधीच्या तपासणीत बीपी १७२/१०२ निघालं, शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली आणि गोळी सुरू झाली. दोन महिन्यांनी त्या दोन गोळ्यांवर होत्या आणि तिसरी लिहिली जाण्याच्या बेतात होती. दवाखान्यातला आकडा तरीही १६० च्या घरात होता आणि रोज सकाळी पलंगावरून उठताना त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती. शस्त्रक्रिया अजून अडलेलीच.

हे प्रकरण कुणा एका व्यक्तीचं नाही. बीपीच्या तपासणीत वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र आणून ते उभं केलं आहे आणि रुग्णाचे आकडे त्याच हिशेबाने घेतले आहेत. संशोधनातले आणि मार्गदर्शक तत्त्वांमधले आकडे मात्र खरे आहेत.

तीन भेटींची नोंद

वजन ६८ किलो, उंची १५८ सेंटिमीटर, दंडाचा घेर ३४ सेंटिमीटर. तंबाखू नाही, दारू नाही, मधुमेहाचं निदान नाही. वडिलांना पक्षाघात झाला होता आणि त्यांच्या तपासण्यांना बाईच त्यांना घेऊन जात असत. दंडाचा घेर आणि वडिलांचा आजार, या दोन्ही नोंदी पुढे कामी आल्या.

पहिल्या भेटीत त्या जिना चढून आल्या आणि लगेच खुर्चीत बसल्या. बाहीवरूनच पट्टा बांधला गेला आणि बीपी एकदाच मोजलं गेलं : १७२/१०२, नाडी १०४. अम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम सुरू. दोन आठवड्यांनी १६४/९८, नाडी १००. टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम जोडली. दोन्ही गोळ्या रात्री घ्यायच्या होत्या. आणखी सहा आठवड्यांनी १६०/९६, नाडी ९८. या वेळी दोन नव्या तक्रारी होत्या : सकाळी उठताना चक्कर आणि संध्याकाळी घोट्यांवर सूज. क्लोरथॅलिडोन हे लघवी वाढवणारं औषध १२.५ मिलिग्रॅम द्यावं, म्हणजे बीपी उतरेल आणि सूजही जाईल, असा विचार पुढे आला.

हे वळण धोक्याचं होतं. अम्लोडिपिनने येणारी सूज शरीरात पाणी साठल्यामुळे येत नाही. हे औषध बारीक धमन्या सैल करतं, केशवाहिन्यांमधला दाब वाढतो आणि द्रव पेशींभोवती झिरपतो. लघवीच्या गोळीने ही सूज फारशी हटत नाही. उलट ज्यांचं खरं बीपी आधीच खाली आहे त्यांची चक्कर वाढते आणि रक्तातलं सोडियम-पोटॅशियम घसरू शकतं. एका औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजला गेला की दुसरं औषध येतं, मग त्याच्या दुष्परिणामासाठी तिसरं. बीपीच्या उपचारात हे फार सहज घडतं.

न जुळणाऱ्या खुणा

फेरतपासणी करणाऱ्या डॉक्टरांना आधी खटकली ती चक्कर. १६० च्या वर बीपी असलेल्या माणसालाही चक्कर येऊ शकते, पण दोन गोळ्या सुरू झाल्यावर, फक्त उठताना आणि फक्त सकाळी येणारी चक्कर बीपी खाली जात असल्याकडे बोट दाखवते. मग दुसरी गोष्ट : नेहमीच्या मात्रेतल्या दोन औषधांनी वरचं बीपी जेमतेम १२ ने उतरलं होतं. गोळ्या चुकत नव्हत्या, रिकामी पाकिटं बरोबर होती. घोट्यांची सूज तर औषध पोटात जात असल्याचा पुरावाच होता.

तिसरी खूण नाडीची. प्रत्येक भेटीत ती १०० च्या आसपास होती, घरी ७२ ते ७८. अम्लोडिपिनने नाडी थोडी वाढू शकते, पण ती घरीही वाढली असती. इथे एक सावधगिरी हवी. नाडी शांत आहे म्हणून घबराट नाही, असा उलटा निष्कर्ष काढता येत नाही. काहींची नाडी जागची हलत नाही आणि बीपी तेवढं चढतं.

चौथी खूण बाईंनी स्वतःच सांगितली होती आणि ती बाजूला सारली गेली होती. एका नातेवाइकाच्या मशीनवर एका सकाळी १०४/६६ दिसलं होतं. घरची मशीन चुकतात, या एका वाक्यावर तो विषय संपला होता. काही मशीन चुकतात, हे खरंच आहे. म्हणून तर मशीन पडताळून बघायचं असतं. न पडताळता आकडा फेकून देणं हा निष्काळजीपणा आहे.

घाबरल्यावर शरीरात काय होतं

धोक्याची चाहूल लागली की सिम्पथेटिक मज्जासंस्था जागी होते. ॲड्रेनालिन आणि नॉरॲड्रेनालिन रक्तात येतात, हृदय जोराने आणि भराभर आकुंचन पावतं, शरीराच्या काही भागांतल्या बारीक धमन्या आखडतात. दोन्हींमुळे बीपी चढतं. यासाठी मनात भीती स्पष्टपणे जाणवावीच लागते असं नाही. ‘मी अजिबात घाबरलेलो नाही’ असं प्रामाणिकपणे सांगणाऱ्यांचंही बीपी वाढलेलं असतं, कारण पट्टा, स्टेथोस्कोप आणि वाईट बातमी यांची सांगड शरीराने आधीच घातलेली असते. या बाईंच्या बाबतीत ती सांगड वडिलांच्या आजारपणात घातली गेली असण्याची शक्यता मोठी होती.

हा परिणाम किती मोठा असतो, हे इटलीतले संशोधक जुसेप्पे मान्चिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये दाखवून दिलं. रुग्णांच्या धमनीत बारीक नळी बसवून दाब सतत नोंदला जात होता आणि मध्येच डॉक्टर बीपी मोजायला येत होते. डॉक्टर आल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत वरचं बीपी सरासरी २७ ने आणि खालचं सरासरी १५ ने चढलं. भेट लांबली तसं ते उतरत गेलं आणि दहा मिनिटांच्या सुमाराला बरंचसं पूर्ववत झालं. पुढे १९८७ मध्ये याच गटाने दाखवलं की परिचारिकेने मोजलं तर ही वाढ जवळपास निम्मी असते. बीपी साधारण कधी मोजलं जातं? रुग्ण आत येऊन बसल्यावर पहिल्या दोन-तीन मिनिटांत, म्हणजे नेमकं शिखरावर.

आधी मोजणं सुधारा

घबराटीला दोष देण्यापूर्वी मोजण्यातल्या चुका काढून टाकाव्या लागतात, कारण दोन्हींचा परिणाम एकसारखाच दिसतो. या प्रकरणात सगळ्यात मोठी चूक पट्ट्याची होती. पट्ट्यातली रबरी पिशवी दंडाच्या घेराच्या सुमारे ८० टक्के लांब आणि ४० टक्के रुंद असावी लागते. नेहमीचा मध्यम पट्टा बहुतेक मशीनबरोबर २२ ते ३२ सेंटिमीटर घेरासाठी असतो. बाईंचा दंड ३४ चा. लहान पट्ट्याला धमनी दाबायला जास्त हवा लागते आणि मशीन ती जास्तीची हवा बीपी म्हणून दाखवतं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या २०२३ च्या अभ्यासात मोठा पट्टा लागणाऱ्यांना मध्यम पट्टा लावल्यावर वरचं बीपी सरासरी ४.८ ने जास्त आलं. अतिमोठा पट्टा लागणाऱ्यांत हाच फरक १९.५ इतका होता.

हाताची जागा ही दुसरी चूक. हात हृदयाच्या पातळीच्या जितका खाली, तितकं वरच्या रक्ताच्या स्तंभाचं वजन आकड्यात मिळतं, दर १० सेंटिमीटरला साधारण ७ ते ८. जॉन्स हॉपकिन्सच्याच २०२४ च्या अभ्यासात हात मांडीवर ठेवल्याने वरचं बीपी सरासरी ३.९ ने आणि बाजूला लोंबता ठेवल्याने ६.५ ने जास्त आलं. टेबल नसलेल्या खोलीत रुग्णाला स्वतःचा हात वर धरायला सांगतात, तेही चूक. स्नायू ताणले की बीपी वाढतं. हात पूर्ण टेकलेला आणि सैल हवा.

बाकी नियम थोडक्यात. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवी करून यावं. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही. पाच मिनिटं शांत बसावं. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर. बाही गुंडाळून दंडाला काचणार असेल तर हात बाहीतून काढून घ्यावा. आणि बोलायचं नाही, मोजणाऱ्यानेही काही विचारायचं नाही. हा नियम सर्वांत जास्त मोडला जातो. पट्टा फुगत असताना ‘काय त्रास होतो?’ असा प्रश्न येतो आणि रुग्ण उत्तर देतो. एवढ्याने वरचं बीपी १० ने वाढू शकतं.

फेरतपासणीच्या दिवशी

मोठा पट्टा, पाच मिनिटं विश्रांती, पहिल्यांदा दोन्ही हातांत मोजणी. दोन्ही हातांत ४ चा फरक होता, म्हणून पुढे जास्त दाखवणारा उजवा हात ठरला. एकेका मिनिटाच्या अंतराने तीन वाचनं घेतली : १५८/९४, १५२/९२, १४६/९०. पायरी पायरीने उतरणारे आकडे हीसुद्धा खूण असते.

पट्ट्याचा फरक तपासताना एक बारकावा सांभाळला गेला. बीपी आपोआप उतरत असताना आधी एक पट्टा आणि मग दुसरा लावला तर फरक पट्ट्याचा की वेळेचा, हे कळत नाही. म्हणून काही वेळाने आकडा स्थिरावल्यावर मोठा, मध्यम, पुन्हा मोठा असा क्रम ठेवला. वरचं बीपी अनुक्रमे १४५, १५१, १४४ आलं. म्हणजे मध्यम पट्टा सहा-सातने वाढवत होता. उरलेली तफावत पट्ट्याने समजावता येत नव्हती.

मग खोलीतून सगळे बाहेर पडले. पाच मिनिटं थांबून, एकेका मिनिटाने आपोआप पाच वेळा मोजणारं मशीन लावलं होतं. एकट्या बसलेल्या बाईंची सरासरी आली १२८/८०, नाडी ८४. उभं केल्यावर पहिल्या मिनिटाला ११२/७४ आणि तिसऱ्या मिनिटाला ११४/७६. उभं राहिल्यावर वरचं बीपी २० ने किंवा खालचं १० ने पडलं तर ती घसरण आजार मानतात. इथे ती १६ होती, तेही दुपारी. रात्री घेतलेल्या गोळ्यांचा जोर सकाळी याहून जास्त असणार होता.

चाचण्यांमध्ये ईसीजी साधा, इकोमध्ये हृदयाची भिंत ९ मिलिमीटर म्हणजे जाड झालेली नाही, मूत्रपिंडांचं काम सांगणारं क्रिएटिनिन ०.७ आणि पोटॅशियम ४.२, दोन्ही साधे, लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी प्रमाण ९ (३० च्या आत हवं), डोळ्याचा पडदा ठीक. वर्षानुवर्षं १६० असलेलं बीपी कुठेतरी ठसा ठेवतं. इथे तो नव्हता. एक गोष्ट मात्र सापडली : गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारं एचबीएवनसी ५.९ टक्के, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. दवाखान्यात बीपी वाढणाऱ्या लोकांमध्ये साखर, वजन आणि चरबीच्या तक्रारी इतरांपेक्षा जास्त आढळतात, हे माहीत असल्यामुळेच ती तपासणी केली होती.

तिसरी गोळी दिली नाही. पण दोन गोळ्यांपैकी एकही त्या दिवशी बंद केली नाही. आधी घरचे आकडे हवे होते.

घरची सात दिवसांची वही

दंडावर बांधायचं, प्रमाणित केलेलं मशीन घेतलं, मोठ्या पट्ट्यासह. कोणती मशीन स्वतंत्रपणे तपासली गेली आहेत, याची यादी ‘स्ट्राइड बीपी’च्या संकेतस्थळावर बघता येते. मनगटाची मशीन हाताच्या जागेनुसार फार डळमळतात आणि पट्ट्याविना मोजणारी घड्याळं निदानासाठी अजून वापरू नयेत. मशीन दवाखान्यातल्या मशीनशी लावून पाहिलं : त्याच हातावर आलटून पालटून, फरक ३. पाचच्या आत असला तर चालतं. नाडी अनियमित असेल तर ऑटोमॅटिक मशीनचा भरवसा कमी होतो, तीही तपासली.

पद्धत अशी : सात दिवस, सकाळी न्याहारीआधी, रात्री गोळी आणि झोपेआधी, प्रत्येक वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोन वाचनं. एकूण २८ होतात. पहिल्या दिवसाची चार सोडून उरलेल्या २४ ची सरासरी काढायची. एखाददुसरा आकडा उंच आला तर काही करायचं नाही.

शेवटचं वाक्य सर्वांत अवघड ठरलं. पहिल्या दिवशी बाईंनी चार ऐवजी अकरा वेळा मोजलं. पहिलं वाचन ११८ होतं; ते पूर्वीच्यापेक्षा जास्त वाटलं म्हणून पुन्हा, मग ते १२६ आलं म्हणून पुन्हा, असं करत १३९ पर्यंत गेलं. घबराट अशी मशीनबरोबर घरात शिरते. उपाय साधे आणि कडक होते : ठरलेली दोन वाचनं झाली की मशीन कपाटात, आकडा आपण न बघता घरातल्या दुसऱ्याने लिहायचा किंवा मशीनच्या स्मृतीतून आठवड्याने एकदम उतरवायचा. दुसऱ्या दिवसापासून वाचनं स्थिरावली.

दोन गोळ्यांवरची सरासरी : १०८/६८. सकाळची १०३/६५, रात्रीची ११३/७१. घरच्या सरासरीची मर्यादा १३५/८५ धरतात. सकाळच्या अंधारीचं कारण वहीत समोर दिसत होतं. दवाखान्यातल्या आकड्यावर विसंबून तिसरी गोळी दिली असती तर याच १०३ वरून आणखी खाली जावं लागलं असतं.

गोळ्या उतरवणं

गोळ्यांवर असताना दिसणाऱ्या अशा तफावतीवरून मूळ बीपी किती, हे सांगता येत नाही. बाईंना आधीपासून खरं हाय बीपी असेल आणि ते गोळ्यांनी उत्तम उतरलेलं असेल, ही शक्यता खुली होती. म्हणून औषधं एकेक करून काढून पाहायची होती. आधी अम्लोडिपिन थांबवलं, कारण सूज त्याची होती. शरीरातून त्याची मात्रा निम्मी व्हायला ३० ते ५० तास लागतात, त्यामुळे परिणाम पूर्ण ओसरायला आठवडा-दीड आठवडा जातो. बंद केल्याच्या तिसऱ्या दिवशी मोजून निष्कर्ष काढला तर फसगत होते. दोन आठवड्यांनी सूज गेलेली होती आणि घरची सरासरी ११७/७४. मग टेल्मिसार्टन बंद, पुन्हा दोन आठवडे थांबून सात दिवसांची वही : १२५/७८.

या काळासाठी लिहून दिलेल्या सूचना अशा होत्या. घरची तीन दिवसांची सरासरी १३५/८५ च्या वर गेली तर कळवायचं. एखादं वाचन १८०/११० च्या पुढे गेलं तर पाच मिनिटं बसून पुन्हा मोजायचं आणि तसंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलायचं. छातीत दुखणं, धाप, बोलताना जीभ अडखळणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, अचानक कमी दिसणं यातलं काहीही झालं तर आकडा मोजत न बसता तातडीने इस्पितळ गाठायचं.

हे सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं असतं. क्लोनिडिन किंवा बीटा ब्लॉकर गटातली औषधं एकदम थांबवली तर बीपी आणि नाडी उसळून वर येतात आणि हृदयविकार असलेल्याला ते जिवावर बेतू शकतं. हे प्रकरण वाचून कुणी आपल्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत, अशी कळकळीची विनंती आहे.

२४ तासांचं मशीन

वहीतली सरासरी चांगली आली तरी झोपेतलं बीपी वहीत येत नाही, आणि हृदय-मेंदूच्या धोक्याचा अंदाज देण्यात रात्रीचा आकडा फार महत्त्वाचा असतो. म्हणून गोळ्यांविना २४ तासांचं मॉनिटर लावलं. दंडावर पट्टा, कमरेला छोटं यंत्र. दिवसा दर २० मिनिटांनी, रात्री दर ३० मिनिटांनी मोजणी. पट्टा फुगायला लागला की हात सैल सोडून स्थिर ठेवायचा, त्या दिवशी अंघोळ नाही, झोपण्याची आणि उठण्याची वेळ लिहायची. ठरलेल्या मोजण्यांपैकी किमान ७० टक्के आणि त्यांत दिवसाची किमान २०, रात्रीची किमान ७ वाचनं नीट आली तरच अहवाल वापरता येतो.

दिवसाची ४५ पैकी ४१ आणि रात्रीची १८ पैकी १६ वाचनं मिळाली. दिवसाची सरासरी १२६/७८, झोपेतली १०८/६४, २४ तासांची १२१/७४. युरोपीय मर्यादा अनुक्रमे १३५/८५, १२०/७० आणि १३०/८० अशा आहेत. अमेरिकेच्या २०१७ च्या अधिक कडक मर्यादा १३०/८०, ११०/६५ आणि १२५/७५. आकडे त्यांच्याही आत बसत होते, पण जेमतेम. झोपेत बीपी १४ टक्क्यांनी उतरत होतं; १० ते २० टक्के उतार साधा मानतात. आलेखात पहिल्या तासात १४८/९० ते १३६/८४ आणि मशीन काढायला गेल्यावर शेवटच्या वाचनात १४१/८८ असे दोन उंचवटे होते. मधला सारा दिवस, कामाच्या तासांसह, सपाट. त्याच भेटीत, मॉनिटर काढल्यावर नेहमीच्या पद्धतीने मोजलेलं बीपी १५२/९२ होतं.

निदान लिहिलं गेलं : व्हाइट कोट हायपरटेन्शन, म्हणजे फक्त दवाखान्यात वाढणारं आणि बाहेर साधं राहणारं बीपी.

निदानाचा अर्थ आणि त्याची मर्यादा

इथे दोन बाजूंनी चूक होते. एकीकडे बाईंसारख्यांना नको त्या गोळ्या मिळतात. दुसरीकडे ‘माझं फक्त दवाखान्यातच वाढतं’ असं वर्षानुवर्षं म्हणत कुणी घरी एकदाही मोजत नाही, आणि खरं हाय बीपी तसंच राहतं. दवाखान्याबाहेरचे आकडे हातात नसतील तर ते वाक्य निव्वळ अंदाज आहे. तिसरा प्रकार तर याहून फसवा : दवाखान्यात साधं आणि घरी, कामावर किंवा झोपेत वाढलेलं बीपी. त्याला मास्क्ड हायपरटेन्शन म्हणतात आणि त्याचा धोका नेहमीच्या हाय बीपीच्या जवळपास जातो.

व्हाइट कोट प्रकार निरुपद्रवी आहे, असंही म्हणता येत नाही. २०१९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात, उपचार न घेणाऱ्या अशा लोकांमध्ये हृदय-रक्तवाहिन्यांच्या घटनांचा धोका साधं बीपी असलेल्यांपेक्षा ३६ टक्क्यांनी जास्त दिसला. औषधं घेत असताना ज्यांचं बीपी केवळ दवाखान्यात वाढतं, त्यांच्यात मात्र अशी वाढ दिसली नाही. इटलीतल्या मोंझा इथल्या ‘पामेला’ अभ्यासात दहा वर्षांनी व्हाइट कोट गटातल्या दर १०० पैकी चाळिसाहून अधिक जणांना कायमचं हाय बीपी झालं होतं. सुरुवातीला सगळीकडे साधं बीपी असलेल्यांत हे प्रमाण १८ च्या आसपास होतं. म्हणजे गोळी नको, पण पाठ फिरवणंही नको. अवयवांवर परिणाम दिसला किंवा एकूण धोका मोठा असला तर औषधाचा विचार वेगळा होतो. गर्भारपणात असं बीपी दिसलं तर लक्ष अधिक बारीक ठेवावं लागतं, कारण त्यातल्या काहींना पुढे प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे बीपी वाढून अवयवांवर परिणाम करणारा गर्भारपणातला गंभीर आजार, होतो.

अडलेली शस्त्रक्रिया

ती मुळात थांबवायची गरज होती का? ब्रिटन आणि आयर्लंडमधली भूलतज्ज्ञांची संघटना आणि ब्रिटिश हायपरटेन्शन सोसायटी यांच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, गेल्या १२ महिन्यांत नेहमीच्या डॉक्टरांकडे बीपी १६०/१०० च्या खाली नोंदलेलं असेल तर नियोजित शस्त्रक्रिया ठरल्याप्रमाणे करावी. अशी नोंद नसेल तर तपासणीतलं बीपी १८०/११० च्या खाली असणं पुरेसं मानावं. १७२/१०२ या मोजपट्टीत बसत होतं. प्रत्येक ठिकाणचे नियम तेच नसतात आणि अंतिम निर्णय भूलतज्ज्ञांचा असतो, पण एका वाचनावर तारीख रद्द होत असेल तर हा प्रश्न विचारणं रास्त आहे.

भूलतज्ज्ञांना २४ तासांचा अहवाल, घरची वही आणि एक पानाची टीप दिली : निदान, दंडाचा घेर ३४ सेंटिमीटर म्हणून मोठा पट्टा, पहिलं वाचन सोडून द्यावं, नेहमीचं बीपी १२५/७८ च्या आसपास. शेवटचा आकडा सर्वांत उपयोगी, कारण भूल दिल्यावर बीपी किती खाली जाऊ द्यायचं हे नेहमीच्या बीपीवरून ठरतं. वॉर्डातल्या घाबरलेल्या आकड्यावरून ठरवलं तर हिशेब चुकतो. शस्त्रक्रियेच्या सकाळी वॉर्डात १६६/९६ निघालं. टीप असल्याने पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं, १४८/८८, आणि ठरल्या वेळी शस्त्रक्रिया झाली.

पुढची आखणी

दवाखान्यातला आकडा साधा करणं हे उद्दिष्ट ठेवलं नव्हतं. तरी भेटी सुसह्य व्हाव्यात म्हणून काही गोष्टी ठरल्या : पंधरा मिनिटं आधी पोचणं, बाहेर बसून पाच मिनिटं चार सेकंद श्वास आत आणि सहा सेकंद बाहेर, बोलणं आधी आणि बीपी शेवटी. पट्टा बांधल्यावर मात्र श्वास नेहमीसारखा, कारण लांब श्वासाने आकडा तेवढ्यापुरता उतरतो आणि मग तोही खरा राहत नाही. वडिलांच्या आजाराबद्दल एकदा मोकळेपणी बोलणं झालं. त्यानंतरच्या भेटीत आकडा १४४/८८ होता. त्याचं श्रेय बोलण्याला द्यावं की सवयीला, हे सांगता येत नाही.

घरी वर्षातून दोनदा सात दिवसांची वही, एरवी मशीन कपाटात. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं, वजन चार-पाच किलोंनी कमी करणं, दर वर्षी एचबीएवनसी, क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन. दुखण्यावरच्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या आणि सर्दीवरची नाक मोकळं करणारी औषधं बीपी वाढवतात, म्हणून ती विचारून घ्यायची.

वर्षाअखेरीची वही १२८/८१ अशी आली. युरोपीय मर्यादेच्या आत, पण खालचं बीपी ७८ वरून सरकलेलं, आणि वजन फक्त एका किलोने उतरलेलं. गोळी सुरू केली नाही. २४ तासांचं मॉनिटर सहा महिन्यांनी पुन्हा लावायचं ठरलं आणि वही दर तीन महिन्यांनी.